तेरणेच्या कांठचीं नवीं गांवें

सोलापूर मागें टाकून हैदराबादच्या हमरस्त्यानें पूर्वेकडे निघालें म्हणजे सुमारें ४५ किलोमीटरांवर नळदुर्ग लागतें. येथील किल्ला, बोरी नदीला घातलेला बांध आणि त्या बांधाच्या पोटांत बांधलेला पाणीमहाल पाहण्यासाठीं पावसाळ्यांत पुष्कळ मंडळी येतात. नदीला पूर आला म्हणजे नर व मादी या नांवांचे दोन धबधबे बांधावरून कोसळूं लागतात, आणि महालांत उभें राहून तो जलप्रपात कोरड्या अंगानें पाहतां येतो. आदिलशाहींतील कारागिरांची ही करामत कोणासहि थक्क करील. परंतु आमचा प्रवास किल्ल्यासाठीं नव्हता. नळदुर्गाहून ईशान्येकडे तेरणा नदीच्या खोऱ्यांत कांहीं गांवें आहेत. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी हीं नांवें १९९३ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांतील घराघरांत उच्चारलीं जात होतीं. आज तीं ऐकून तरुण मंडळींच्या मनांत कांहींच उमटत नाहीं. त्या गांवांकडे आम्ही निघालों होतों.

जाण्याचें कारण असें. भूकंप कच्छांत होवो, नेपाळांत होवो, महाविद्यालयांतील मुलामुलींचे गट पाठीवर पिशव्या टाकून तिकडे धांव घेतात. त्यांच्या घरच्या वडील माणसांस अभिमान वाटतो, पण त्याबरोबर एक शंकाहि मनांत येते. दहापंधरा दिवसांत हीं मुलें तेथें करणार काय? परीक्षा बुडवून, प्रकृतीस धोका पत्करून तीं परत येतील. परंतु ज्यांचें सर्वस्व मातींत गेलें त्यांच्या पदरांत पुढें काय उरेल? या शंकेचें उत्तर दुसऱ्या महिन्यांत मिळत नाहीं. त्यास एक पिढी जावी लागते. किल्लारीच्या भागांत ती पिढी होऊन गेली आहे. तेव्हां तेथेंच जाऊन पाहावें, असें ठरवून आम्ही तिघेजण मार्गशीर्षांत निघालों. आमच्यांतील एक गृहस्थ त्या सालीं पुण्यास शिकत होते व स्वयंसेवक म्हणून या बाजूस राहून गेले होते. त्यामुळें वाट दाखविणारा आणि जुन्या ओळखी सांगणारा आमच्या सोबतच होता.

हमरस्ता सोडून लोहाऱ्याच्या वाटेला लागलों, तों दोहों बाजूंस काळ्याभोर जमिनीचा विस्तार पसरलेला. ज्वारी हुरड्यास आलेली, तुरीच्या शेंगा भरलेल्या, मधून मधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे. या मुलखांत गांवाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. काळीनें पिकवावें आणि पांढरीनें निवारा द्यावा, अशी ही पिढ्यान् पिढ्यांची वांटणी. पांढरीच्या मातीनेंच तेथील घरें बांधलेलीं असत. भिंती दोनदोन, तीनतीन फूट, कोठें त्याहूनहि रुंद. बाहेरून एक व आंतून एक असे काळ्या दगडांचे दोन थर, मध्यें बारीक दगडांची भर, आणि चुन्याऐवजीं सर्वत्र चिखल. वर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हात-दीड हात मातीचा थर. यालाच माळवद म्हणतात. वैशाखांतील उन्हांत असें घर गार राहतें, चोरास भिंत फोडणें कठीण जातें, आणि माळवदावर मिरच्या, डाळी, सांडगे वाळत घालतां येतात. गृहिणींस तें किती सोयीचें वाटत असेल, हें सांगावयास नको.

१९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस किल्लारीस लहान धक्के बसले होते. लोक कांहीं दिवस उघड्यावर निजले आणि मग पुन्हा घरांत गेले. सरकारी नकाशांत हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. तो पट्टाच २००२ सालच्या सुधारित नकाशांतून काढून टाकण्यांत आला, ही पुढची गोष्ट. २९ सप्टेंबर १९९३ या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून मंडळी उशिरां घरीं आलीं व थकून झोंपलीं. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारास चार मिनिटें कमी असतां जमीन हादरली. मोजमापाच्या दृष्टीनें हा भूकंप ६.२ क्षमतेचा, म्हणजे जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें मध्यमच म्हणावयाचा. परंतु सुमारें ८,००० माणसें मृत्यु पावलीं आणि १६,००० च्या आसपास जखमी झालीं. खांब व तुळया यांचा लांकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणीं उभाच राहिला. ढांसळल्या त्या चिखलांतील भिंती, आणि निजलेल्या माणसांच्या अंगावर आली ती माळवदाची माती. ज्या पांढरीनें पिढ्यान् पिढ्या सांभाळलें, तीच उरावर बसली.

त्यानंतरचे दिवस वर्णन करण्याजोगे नाहींत. पाऊस कोसळत होता. लष्कराचे जवान ढिगारे उपशीत होते. सोलापूर, लातूर, पुणें, मुंबई व औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथील विद्यार्थी मिळेल त्या वाहनानें येऊन पोंचत होते. नाकातोंडाला फडकें बांधून दगड बाजूस करणें, प्रेतें उचलून आणणें, आणि पडलेल्या घराच्याच तुळया-फळ्यांवर त्या घरच्या माणसांस अग्नि देणें, हें काम अठराएकोणीस वर्षांच्या मुलांनीं केलें. आमचे सोबती एरवीं बोलके गृहस्थ. पण सास्तूरच्या जुन्या पांढरीवर आम्ही उतरलों तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. तेथें आतां बाभळी वाढल्या आहेत. एका दगडी उंबरठ्याच्या दोन्ही अंगांस मातीचे उंचवटे आहेत, आणि त्यांवर शेळ्या चरत होत्या.

ढिगारे उपसण्याचें काम संपलें, आणि खरी अडचण तेथून पुढें सुरू झाली. दानशूर लोकांनीं देशभरांतून मालमोटारी भरभरून सामान पाठविलें. त्यांत धान्य, घोंगड्या, औषधें अशा उपयोगी वस्तु पुष्कळ होत्या. पण जुन्या कपड्यांचे जे गठ्ठे आले, त्यांतील कित्येक रस्त्याच्या कडेला भिजत पडून राहिले. नऊवारी लुगडें नेसणाऱ्या शेतकरी स्त्रीनें शहरांतील मुलींचे झगे घेऊन करावयाचें काय? आणि याहून वाईट गोष्ट अशी, कीं गाडीचा आवाज आला म्हणजे हातचें काम सोडून रस्त्यावर जावें, ही संवय लहानथोरांस जडूं लागली. सास्तूरच्या पारावर एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस तें थोडक्यांत सांगितलें. ते म्हणाले, “भूकंपानं घर पाडलं, ते दिसलं सगळ्यांला. पन रस्त्याकडं तोंड करून बसायची सवय लागली, ती कुनाला दिसली न्हाई. कुनबी मानूस असा बसला का मग त्याची काळी पडीक पडती बघा.”

या वाक्याचा आम्ही फार विचार केला. ज्याचें घर पडलें आहे त्यास घर देतां येतें. परंतु ज्याचा स्वतःवरील भरंवसा गेला, त्यास तो कोणत्या गाडींतून पाठवावयाचा? आणि येथेंच आमच्या ध्यानांत आलें, कीं विद्यार्थ्यांच्या हातून जें कांहीं खरें काम झालें तें त्यांच्याजवळ देण्यासारखें कांहीं नव्हतें म्हणूनच झालें. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, अधिकार नव्हता, धान्याचीं पोतीं नव्हतीं. होते दोन धड पाय, थोडा मोकळा वेळ आणि लिहितांवाचतां येणें. त्यामुळें पहिल्या आठदहा दिवसांनंतर त्यांतील विचारी मुलांस लोकांपुढें हात हालवीत बसण्यापेक्षां त्यांच्याशीं बोलणें भाग पडलें. “तुम्हांला काय आणून देऊं?” हा प्रश्न त्यांनीं सोडून दिला, “तुम्हांला काय करावयाचें आहे, आणि तें कशानें अडलें आहे?” असें तीं विचारूं लागलीं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या संस्थांच्या विद्यार्थ्यांनीं गांवोगांव कुटुंबांची पाहणी केली, तिच्या मुळाशींहि हाच प्रश्न होता.

त्या वृद्ध शेतकऱ्यानें सांगितलेली एक हकीकत येथें देतों. हस्त नक्षत्र चालू होतें, म्हणजे रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीचे ते दिवस. आठपंधरा दिवस चुकले, कीं वर्षभराचें धान्य व गुरांचा कडबा दोन्ही गेलीं. परंतु कोणाचे बैल मेलेले, कोणाची तिफण ढिगाऱ्याखालीं गाडलेली, कोणाजवळ बी नाहीं, तर कोणाच्या घरांत तिफण धरणारा पुरुषच उरला नाहीं. त्याच्या वाडीवर चार महाविद्यालयीन मुलें राहिलीं होतीं. त्यांपैकीं एकासहि तिफण धरतां येत नव्हती. त्यांनीं एवढेंच केलें, कीं पत्र्याच्या प्रत्येक निवाऱ्यांत जाऊन एक यादी तयार केली: बैल कोणाचे, तिफण कोणाची, बी कोणाजवळ, हात कोणाचे. रात्रीं ती यादी कंदिलाच्या उजेडांत सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविली. सावडीनें कामें करण्याची रीत त्या लोकांस नवी नव्हती. आज तुझ्या शेतांत, उद्यां माझ्या शेतांत, अशी ती जुनीच चाल आहे. दुःखाच्या भरांत ती विसरली गेली होती, आणि कोणाजवळ काय शिल्लक आहे हें कोणास माहीत नव्हतें, इतकेंच. यादी ऐकतां ऐकतांच माणसें आपापसांत बोलूं लागलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीन तिफणी शेतांत उभ्या राहिल्या. “ज्वारी फार झाली असं न्हाई,” म्हातारबाबा म्हणाले, “पन ती आमीच पेरली होती.”

अशीच दुसरी हकीकत किल्लारीच्या बाजूस एका वृद्ध बाईंकडून ऐकिली. त्यांचे यजमान व एक मुलगा भूकंपांत गेला. सरकारी मदत मिळण्यासाठीं मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, सातबाराचा उतारा, बँकेचें पुस्तक अशा कागदांची रांगच लागते, आणि बाईंस अक्षरओळख नव्हती. एक विद्यार्थिनी त्यांचे अर्ज लिहून देत असे. बाईंनीं आम्हांस सांगितलें:

“दोनदा तिनंच फारम भरला. तिसऱ्या येळेला म्हनली, ‘मावशी, आता सही तुमी करायची.’ मला असा राग आला! हितं माझं लेकरू गेलं, अन् ही पोरगी मला पाटीवर अक्षरं गिरवाया लावती.”

“मग आजी, तुम्हीं गिरविलींत कीं नाहीं?” आम्हीं विचारलें.

“गिरवली की. रडत रडत गिरवली. ती पोरगी काय जलमभर हितं ऱ्हानार व्हती? ती गेली अन् बँकेत मी गेले. सायबानं शाईचा डबा पुढं केला अंगठ्याला. मी म्हनलं, पेन द्या.”

एवढें बोलून त्या उठल्या व आमच्यासाठीं चहा टाकावयास आंत गेल्या. पुढें त्यांच्या गल्लींतील स्त्रियांनीं बचतगट काढला. त्याचें हिशेबाचें पुस्तक कित्येक वर्षें याच बाईंकडे होतें, असें त्यांच्या सुनेनें सांगितलें. वाचकभगिनींनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तिसराहि अर्ज लिहून देणें त्या मुलीस सोपें होतें. त्यांत दयाहि दिसली असती, आणि बाईंचा रागहि पत्करावा लागला नसता. शोकानें गांजलेल्या माणसास “हें तुम्ही करा” असें म्हणावयास पुष्कळ धैर्य लागतें, आणि तें म्हणण्याचा अधिकार त्याच्या शेजारीं बसून दोन अर्ज लिहिल्यावांचून कोणास प्राप्त होत नाहीं. पहिल्याच दिवशीं स्वावलंबनाचा उपदेश करणारा मनुष्य निर्दय ठरता. तिसऱ्या महिन्यांतहि स्वतःच अर्ज लिहीत राहणारा मनुष्य, नकळत कां होईना, त्या बाईंचें नुकसान करता. कोणती वेळ कशाची, हें ओळखण्यांतच सेवेची सारी परीक्षा आहे.

नव्या गांवांविषयीं आतां थोडें सांगितलें पाहिजे. शासनानें १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. जीं ५२ गांवें पार जमीनदोस्त झालीं होतीं तीं नव्या जागीं वसविण्यांत आलीं. त्यांतील कित्येक गांवें देशांतील निरनिराळ्या संस्थांनीं, उद्योगसमूहांनीं व वृत्तपत्रांनीं बांधून दिलीं. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबास २५० चौरस फुटांचें, मध्यम शेतकऱ्यास ४०० चौरस फुटांचें आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५० चौरस फुटांचें घर, असें प्रमाण ठरलें होतें. पांढरी सोडून गांव काळीवर आलें. नव्या किल्लारींतून हिंडतांना रुंद सरळ रस्ते, सारख्या अंतरावर घरें, शाळा, दवाखाना असें सर्व व्यवस्थित दिसतें. रात्रीं निर्धास्त झोंप लागते, हें पहिलें सुख. तें ज्यांनीं ती पहाट पाहिली त्यांनाच कळावें.

परंतु सुखाबरोबर उणेंहि आहे. जुन्या गांवांत गल्ल्या अरुंद होत्या. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर बोलतां येई, तान्हें मूल शेजारणीकडे टाकून शेतावर जातां येई. शहराच्या नकाशाप्रमाणें आंखलेल्या या गांवांत घरें एकमेकांपासून दूर गेलीं. गुरांस गोठा, कडब्यास जागा, धान्यास बळद, यांचा विचार पुष्कळ ठिकाणीं झालाच नव्हता. आपलें घर कोणीकडे तोंड करून असावें, चूल कोठें असावी, हें ज्यास कोणीं विचारिलें नाहीं, त्यास तें घर आपलेंसें वाटण्यास फार दिवस लागतात. लोकांनीं आतां त्या घरांस पडव्या काढल्या आहेत, अंगणांत तुळशी लावल्या आहेत, कुंपणें घातलीं आहेत. आम्हांस तर त्या वेड्यावांकड्या पडव्याच अधिक आवडल्या, कारण त्या घरच्या माणसांनीं स्वतः उभारलेल्या आहेत.

या ५२ गांवांपलीकडे, तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लक्षांच्या जवळपास घरें अशीं होतीं, कीं तीं जुन्याच जागीं दुरुस्त वा मजबूत करावयाचीं होतीं. तेथें निराळी पद्धत ठेविली होती. साहाय्य हप्त्यांनीं मालकाच्या हातीं द्यावयाचें, आणि काम त्यानेंच करून घ्यावयाचें. पण गवंडी काय करतो आहे हें घरधन्यास कसें कळावें? दगडानेंच माणसें मारलीं अशी लोकांची समजूत होऊन बसली होती. वस्तुतः दोष दगडाचा नसून जोडणीचा होता. भिंतीच्या दोन थरांस मधून मधून आरपार जाणाऱ्या लांब दगडानें सांधलें, चिखलाऐवजीं सिमेंट वापरलें, चारी भिंतींस दारांच्या डोक्यावरून काँक्रीटचा एक सलग पट्टा कमरपट्ट्यासारखा बांधला, आणि माळवदावरील मातीचा भार हलका केला, तर तेंच घर धक्का सोसूं शकतें. हें सोप्या भाषेंत घरोघर सांगण्यासाठीं आणि कामावर नजर ठेवण्यासाठीं गांवांतल्याच स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्याची योजना निघाली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें हें काम हजाराहून अधिक गांवांत उभें केलें. डोक्यावरील पदर सांवरीत गवंड्यास “हा दगड आरपार गेला न्हाई” असें सांगणारी बाई त्या मुलखांत पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती.

परतीच्या वाटेवर आम्ही तीन ठिकाणीं थांबलों. लोहारा तालुक्यांतील हराळी या गांवीं पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचें केंद्र आहे. भूकंपानंतर प्रबोधिनीचे कार्यकर्ते व विद्यार्थी या भागांत मदतकार्यास आले, आणि त्यांतूनच येथें निवासी शाळा व शेतीच्या शिक्षणाचें काम उभें राहिलें. खडकाळ माळावर वाढविलेलीं झाडें पाहून मन प्रसन्न झालें. पुढें हमरस्त्यावर अणदूर लागतें. तेथील हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेचें मूळ वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या एका गटांत आहे. डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलें. ताप, जुलाब, बाळंतिणीची काळजी यांसाठीं प्रत्येक वेळीं शहराकडे धांवावें न लागतां गांवांतच जाणतें माणूस असावें, हा त्यांतील हेतु. तिसरें ठिकाण नळदुर्गाजवळील ‘आपलं घर’. भूकंपांत आईबाप गमावलेल्या मुलांसाठीं राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनीं हें घर काढलें, श्री. पन्नालाल सुराणा यांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. या तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान दिसली. मदतकार्याची घाई संपल्यावर सारे परत गेले, तेव्हां थोडीं माणसें मागें राहिलीं. आणि मागें राहून त्यांनीं वस्तु वांटल्या नाहींत, शाळा चालविल्या व हात तयार केले.

तेव्हां विद्यार्थ्यांच्या सेवेचें फळ काय, या प्रश्नास आम्हांस मिळालेलें उत्तर असें आहे. त्या हजारों मुलांपैकीं बहुतेक पंधरा दिवसांत परत गेलीं, आणि त्यांचीं नांवेंहि कोणास आठवत नाहींत. अर्ज लिहिणाऱ्या त्या मुलीचें नांव खुद्द त्या बाईंसहि आतां सांगतां आलें नाहीं. याचें आम्हांस प्रथम वाईट वाटलें. मागून विचार केला तेव्हां त्यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं दिसेना. नांव विसरलें, पण सही राहिली. याच्या उलट, कांहीं गांवांत देणाऱ्यांचीं नांवें संगमरवरी पाट्यांवर ठळक कोरलेलीं आहेत, आणि पाटीखालील सभागृहास कुलूप आहे. देणाऱ्यांचा हेतु चांगलाच होता. त्यांच्या औदार्याविषयीं वाचकांनीं मनांत किंतु आणूं नये. छप्पर कोणींतरी द्यावयासच हवें होतें. पण छप्पर मिळाल्यावर खालचा संसार ज्याचा त्यानेंच मांडावा लागतो, आणि तो मांडण्याची उमेद पुन्हा यावी म्हणून कांहीं काळ शेजारीं बसणारें माणूस लागतें. तें काम तरुणांनीं केलें.

या मुलखाच्या इतिहासांतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत मोठा भूकंप झाला. त्या वेळीं मदतीस धांवलेल्या लोकांत लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांतील खेड्यांतल्या स्त्रियाहि होत्या. ज्या स्वतः पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिल्या होत्या, ज्यांनीं आपल्या गांवचीं घरें दुरुस्त करून घेतलीं होतीं, अशा या बायका आगगाडीनें गुजराथेंत गेल्या. तेथील बायकांशीं बोलावयास भाषेची अडचण; पण पाया कसा भरावा, पट्टा कोठें घालावा, हप्ता मिळविण्यासाठीं कोणाकडे जावें आणि दुःखांतून उठून एकत्र कसें बसावें, हें सांगावयास त्यांस अडचण पडली नाहीं. पुढें २००४ च्या समुद्री लाटेनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरहि त्या गेल्या. किल्लारीस कोणे एके काळीं मालमोटारींची वाट पाहत बसलेल्या लोकांतूनच हीं माणसें निघालीं. स्वावलंबन म्हणजे केवळ आपलें आपण खाणें नव्हे. दुसऱ्याच्या उपयोगीं पडण्याइतकें सामर्थ्य पुन्हा अंगीं येणें, हा त्याचा अर्थ आम्हांस येथें नीट समजला.

वाचकांच्या घरींहि एखादे दिवशीं मुलगा किंवा मुलगी “मी मदतीस जातें” असें म्हणत उभी राहील. त्या वेळीं तिला अडवूं नये, अशी आमची विनंती आहे. मात्र चार गोष्टी तिच्याशीं अवश्य बोलाव्या. एकटीनें न जातां तेथें पूर्वींपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर जावें. स्वतःचें अन्न, पाणी व अंथरूण बरोबर न्यावें, म्हणजे आपला भार त्या लोकांवर पडणार नाहीं. कपाटांतील जुन्या कपड्यांचें गांठोडें नेऊं नये. न्यावयाची झाली तर कोरी वही, पेन्सिल व कंदील न्यावा. लोकांचें दुःख छायाचित्रांत टिपण्याआधीं त्यांचें बोलणें ऐकावें. आणि निघण्याच्या आधींच स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी परत आलें म्हणजे माझें काम तेथें कोण करील? ज्या दिवशीं तेथीलच एखादें माणूस “मी करीन” म्हणून पुढें येईल, त्या दिवशीं सामान बांधून खुशाल घरीं यावें. परीक्षा बुडाली तर ती पुढल्या खेपेस देतां येते. घरच्या मंडळींनीं तिच्यासाठीं गरम पाणी तापवून ठेवावें, दोन दिवस तिला पोटभर झोंपूं द्यावें, आणि मग तिनें तेथें काय पाहिलें तें सावकाश ऐकून घ्यावें.